सिस्टरच्या नावावरचे दिवस

राब भाजायचे दिवस आले की डोंगराच्या अंगावर काळे चौकोन दिसायला लागतात. पोलादपूर सोडून एसटी आंबेनळीच्या वाटेला लागली की उतारांवर, खाचरांच्या कोपऱ्यांत, जिकडे बघावं तिकडे धूर. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. भाताचं रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर झाडाच्या फांद्या, पाला, शेण, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि भर उन्हाळ्यात ते सगळं भाजायचं. तण मरतं, माती मऊ होते, पावसात रोप जोरानं वर येतं. हा राब. बाहेरची माणसं खिडकीतून तो धूर बघतात आणि ‘किती सुंदर’ म्हणतात. मला त्या धुरानं एका बाईचा हेवा वाटायला लागतो. दरवर्षी. हे लिहायला मला लाज वाटत नाही. लाज वाटण्यासारखं पुढे आहे.

मी पत्रकं लिहिते. महाडला तळ्यावर गर्दी जमते तेव्हा सातवीत असल्यापासून मी पत्रकं वाटत आले, कॉलेजात गेल्यावर लिहायला लागले. पत्रक कसं लिहायचं ते मला शिकवलेलं आहे. वाक्य लहान ठेवायचं. ज्याच्याशी भांडण आहे त्याचं नाव पहिल्या चार ओळींत आलं पाहिजे. मागण्यांना आकडे घालायचे. शेवटी हाक द्यायची. दुसऱ्याची बाजू मांडायला पत्रकात जागा नसते, ती त्यानं आपल्या पत्रकात मांडावी. या शिस्तीनं मला खूप दिलं. एक गोष्ट तिनं शिकवली नाही, ती म्हणजे खालच्या आवाजात बोलणं.

आमची बौद्धवाडी डोंगराच्या कुशीत आहे. होती म्हणायला हवं. ऐन लावणीत, दुपारच्या जेवणाची वेळ टळत आली असताना, जमीन हलली. म्हातारी माणसं चिखलात उभ्या जागी म्हणाली, “भूकंप झाला, कोयनेचा धक्का हाय.” आमच्याकडे जमीन हलली की कोयनेकडेच बोट दाखवायची सवय आहे. पण वर बघितलं तर डोंगराची कूस फाटून खाली येत होती. झाडं उभीच्या उभी चालत यावीत तशी आली. अर्धी वाडी गेली. सगळी लावणीला होती म्हणून माणसं वाचली, गोठ्यातली जनावरं वाचली नाहीत. आमचं घर गेलं. मी त्या वेळी महाडला होते, पुराच्या चिखलात, दुसऱ्यांच्या भरपाईचे अर्ज भरत.

त्यानंतर सगळे आले. ज्यांच्या हातात बॅनर होता ते आले, ज्यांच्या हातात मोबाइल होता ते आले. एका आठवड्यात आमच्या आईला नऊ चादरी मिळाल्या आणि एकही पातेलं मिळालं नाही. मग पाऊस ओसरला, तसे सगळे ओसरले. पत्र्याच्या शेडमध्ये वाडी उरली आणि त्यातल्याच शेवटच्या खोलीत मिशनच्या दोन सिस्टर उरल्या.

त्यांतली मोठी औषधांचं बघायची, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. धाकटी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, ती सिस्टर अनिमा. झारखंडातल्या कुठल्याशा गावची, भात पिकवणाऱ्या घरातली. काळी, बुटकी, हसताना तोंडावर हात धरणारी. गळ्यात छोटा क्रॉस, फिक्या रंगाची साडी, आणि कामाला लागली की पदर असा खोचायची की वाटावं आत्ता ही भांडायला निघाली आहे.

तिला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते कवळ तोडायच्या दिवसांत. कवळ म्हणजे राबासाठी तोडलेल्या ऐन-किंजळाच्या पाल्याच्या फांद्या. मी वाडीत पुनर्वसनाच्या अर्जावर सह्या घ्यायला आले होते. रानाच्या वाटेवरून आई येत होती आणि तिच्या मागून, डोक्यावर भारा घेऊन, ही. वाटेत आई थांबली. मागं वळून तिनं सिस्टरच्या भाऱ्याखालची चुंबळ नीट केली, मान कशी धरायची ते हनुवटीला बोट लावून दाखवलं आणि म्हणाली, “खाली नको बघू गो. पायांना वाट ठाव असते.”

“नाय बघत,” सिस्टर म्हणाली. आमच्या बोलीत. पुण्याच्या पुस्तकातलं ‘नाही’ तिला येतच नव्हतं.

मला येत होतं. मला फक्त तेच येत होतं. हायस्कुलात सरांनी ‘हाय’ आणि ‘नाय’ माझ्या जिभेवरून खरवडून काढलं तेव्हा आईनंच पेढे वाटले होते. आईनं मला कधी भारा उचलू दिला नाही. ‘तू शीक, ह्या वाटेला तुझा काय काम नाय,’ असं म्हणून ती माझ्या हातातला कोयता काढून घ्यायची. तिनं मला जे जे दिलं नाही ते प्रेमानं दिलं नाही, हे मला समजतं. पण त्या दिवशी वाटेच्या कडेला सह्यांची फाइल छातीशी धरून उभी असताना मला एवढंच दिसलं की माझ्या आईचं बोट दुसऱ्या बाईच्या हनुवटीला लागलेलं आहे.

हेव्याला आपल्याकडे फार हलकं समजतात. दोन जावांच्या भांडणातली वस्तू. मी सांगते, हेव्यासारखी बारीक नजर दुसऱ्या कशाला नसते. मला आजही आठवतं, सिस्टर चहा बशीत ओतून प्यायची, आईसारखी. आईची पाठ दुखते हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. आई तिला वाडीतली भांडणं सांगायची. मला आई काय सांगायची? “बरा हाय सगळा. तू जेवलीस?”

सिस्टर लोकांनी घरं बांधायला घेतली तेव्हा त्यांची सुरुवातीलाच चूक झाली आणि मला बरं वाटलं. त्यांनी बाहेरून ठेकेदार आणला, त्याच्याबरोबर बाहेरचे मजूर. दोन दिवस वाडी हाताची घडी घालून बघत बसली. तिसऱ्या दिवशी गंगारामकाका उठले. काका म्हणजे वाडीतले जुने जाणते, कुणाच्या कामाला कुणी कधी जायचं हे ठरवणारे.

“सिस्टर,” काका म्हणाले, “माझा घर परकी माणसं बांधनार, न् मी बिडी वढत बघनार. मग मी त्या घरात पाव्हना म्हनून ऱ्हाऊ काय?”

सिस्टर अनिमा गोंधळली. “मग कसा करू, काका?”

“सावड घालायची.”

सावड आमच्याकडे लावणीला असते. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात, उद्या सगळ्यांनी माझ्या. एका दिवसाला एक दिवस. कागद नाही, सही नाही, पण कुणाचा दिवस कुणावर राहिला आहे हे अख्ख्या वाडीला तोंडपाठ. सिस्टरनं दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराला हात जोडले, फक्त गवंडी आणि सुतार ठेवले. आणि मग एक प्रश्न विचारला, ज्यानं वाडी तिची झाली.

“मी पन सावडीत येऊ?”

“तुझा घर कुठाय बांधायला?” आई हसून म्हणाली. “दिवस घालशील, फेडून कशात घेशील?”

“घेईन कधीतरी,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती रोज कुणाच्या ना कुणाच्या बांधकामावर. दरडीखालून जुनी कौलं उकरून काढायची, ओढ्यावर नेऊन घासायची, फुटकी वेगळी, चांगली वेगळी. कुठलं कौल कुणाच्या घरचं हे बायका एका नजरेत ओळखायच्या आणि रडायच्या, आणि ती ते कौल त्यांच्या हातातून न घेता थांबून राहायची. वाडीतल्या प्रत्येक घरावर तिचे दिवस चढत गेले. माझा एकही नव्हता. मी वाडीसाठी अर्ज लिहिले, प्रांत कार्यालयाच्या जिन्यात तास मोजले, अधिकाऱ्यांशी आवाज चढवून बोलले. सावडीत ते धरत नाहीत.

इथं माझी बाजू मांडते, कारण ती खोटी नव्हती. आमच्या पुनर्वसन समितीची मागणी होती, आजही आहे: सरकारनं वाडीला सुरक्षित जागा द्यावी, सात-बारा नावावर करून द्यावा, आणि घरं हक्काची म्हणून द्यावीत. दान म्हणून मिळालेल्या घराला पाठीत कणा नसतो. उद्या साहेब म्हणणार, तुमची घरं झाली की, आता कसलं पुनर्वसन? मी हे वाडीत दहा वेळा सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली, सह्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी चिरे वाहायला गेले.

मग प्रांतासमोर ठिय्या द्यायचं ठरलं. पत्रकं छापली. सकाळी मी टेम्पो घेऊन वाडीत आले, भोंगा बांधून. एकही माणूस शेडमध्ये नव्हता. सगळी वाडी एका बांधकामाभोवती जमलेली. आढं चढवायचा दिवस होता. आढं म्हणजे घराच्या कण्यासारखं मधलं लाकूड, ते चढलं की घर घर झालं असं मानतात. आणि ते बांधकाम आमचं होतं. आईनं आठ दिवसांपूर्वी फोनवर मला सांगितलं होतं. मी “हो हो” म्हणाले होते आणि विसरले होते. आमच्यात माणूस लग्नाची तारीख विसरेल, सावडीचा आपला दिवस विसरत नाही.

“आलीस बाय?” आईचा चेहरा उजळला. “बघ, तुझ्यासाठीच थांबलो सगळी.”

“आई, आज ठिय्या आहे,” मी म्हणाले. “टेम्पो उभा आहे.”

आईच्या चेहऱ्यावरून जे उतरलं ते मी पाहिलं. तिथं थांबायला हवं होतं. पण मला भाषणं शिकवली होती, थांबणं शिकवलं नव्हतं. चिऱ्यांच्या ढिगावर चढून मी बोलले. भीक आणि हक्क. दया आणि कायदा. ही घरं घेतलीत तर लढाई संपली.

गंगारामकाकांनी शांतपणे ऐकून घेतलं. “सगळा खरा हाय तुझा,” ते म्हणाले. “पन पाऊस आला की मी तुझा पत्रक पांघरू काय?”

हशा पिकला. वाईट हशा नव्हता तो, लहान पोरीला हसावं तसा होता, म्हणून जास्त लागला. आणि भिंतीच्या माथ्यावर बसलेली सिस्टर तिथून हात पुढे करून म्हणाली, “सुजाताताई, या ना वर. पयला हात तुमचा.”

माझ्या घराच्या आढ्याला पहिला हात लावायला ती मला बोलवत होती. ती. मला.

मी रिकामा टेम्पो घेऊन परत गेले. त्याच दिवशी महाडात बसून नवं पत्रक लिहिलं. सरकारवर आठ ओळी, ठेकेदारांवर चार, आणि मग एक ओळ: ‘घराच्या चावीबरोबर तुमच्या गळ्यात काय अडकवलं जाणार आहे, याचा विचार करा.’

ती ओळ खोटी आहे हे मला लिहितानाच माहीत होतं. सिस्टर प्रार्थना करायच्या त्या दार लावून. वाडीतल्या कुणाला त्यांनी कधी शेजारी बसवलं नव्हतं. पहिल्या पुऱ्या झालेल्या घरात बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर लावायला स्टुलावर चढून खिळा ठोकला तो सिस्टर अनिमानं, आणि वाकडी तर नाही ना म्हणून खाली उतरून दोनदा बघितलं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. तरी लिहिलं. जिच्या आजोबांनी माणूस म्हणून जगायला धर्म बदलला त्या घरातल्या मुलीनं ते लिहिलं. मला घरांचं काही पडलं नव्हतं त्या क्षणी. मला तो वरून पुढे आलेला हात पोळत होता.

माझी पत्रकं लोक वाचतात कमी, त्यांत भजी जास्त बांधतात. हे पत्रक मात्र लोकांनी वाचलं. त्याचा फोटो मोबाइलवरून फिरला, बाकीच्या ओळी कापून, फक्त ती एक ओळ ठेवून. कधी आमच्या वाडीकडे न फिरकलेली पोरं मोटरसायकलींवरून आली. शेडसमोर उभं राहून सिस्टरना विचारू लागली, कुणाच्या परवानगीनं? कुणी पाठवलं? कितीजणांना बदललं? गंगारामकाका मध्ये उभे राहिले म्हणून पुढे काही झालं नाही. पण बातमी सिस्टरांच्या वरच्या लोकांपर्यंत गेली आणि आठवड्याच्या आत त्या दोघींना परत बोलावून घेतलं. चार घरं उघडी राहिली. त्यांत आमचं. आढं चढलेलं, वासे बसलेले, वर आभाळ. वैशाख अर्धा सरला होता आणि कशेडीच्या बाजूला दुपारचे ढग जमायला लागले होते.

मी गेले तेव्हा आई राब भाजून आली होती. भुवया करपलेल्या, हात काळे. तिनं मला पाणी दिलं आणि समोर बसली.

“तुझा पत्रक आला त्या दिवशी,” ती म्हणाली, “मी अनिमाला बोललो, माझ्या लेकीनं लिवलाय, वाच गो. तू लिवलेला मी नेहमी कुणाकडनं ना कुणाकडनं वाचून घेतो. तुला ठाव नसंल.”

मला ठाव नव्हतं.

“तिनं सगळा वाचलान. अडकत अडकत. सरकारचा वाचलान, ठेकेदाराचा वाचलान. शेवटाला म्हनली, ताई चांगला लिवते. ती एक ओळ मात्र वाचलीनच नाय. मला ती त्या मोटरसायकलवाल्यांच्या तोंडून कळली.”

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

“आपन काय जन्मापास्नं बुद्धाचं होतो काय गो?” आई म्हणाली. “तुझ्या आज्यानं बदलला तवा लोक असाच बोलत होती. काय मिळालं म्हनून बदललात, असा. तुझा आजा दोन दिस जेवला नव्हता त्या बोलन्यावरनं. न् तू तेच लिवलास.”

आई ओरडली असती तर मी भांडले असते. ती उठली आणि हात धुवायला गेली.

त्यानंतर मी माफीचं पत्रक काढलं. स्वच्छ लिहिलं, नाव घालून, ओळ खोटी होती असं मान्य करून. तेही फोटो काढून पाठवलं, होते नव्हते त्या सगळ्या ग्रुपांवर. कुणीही पुढे पाठवलं नाही. सिस्टरच्या वरच्या लोकांना पत्र लिहिलं, त्यांचं सभ्य उत्तर आलं, त्यात ती कुठे गेली ते नव्हतं. आईला माहीत आहे. आईनं मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

कधी कधी मला त्या न वाचलेल्या ओळीचासुद्धा हेवा वाटतो. माझ्यावर कुणी असं लिहिलं असतं तर मी ती ओळ तीनदा, मोठ्यानं, चौकात उभी राहून वाचली असती. समोर लिहिणारीची आई बसली आहे, अभिमानानं ऐकते आहे, म्हणून ओठांवर आलेलं गिळायचं आणि पुढच्या ओळीवर जायचं, हे मला जमलं नसतं. सांगते ते खरं सांगते, आजही जमेल याची खात्री नाही. पुनर्वसनाची जागा अजून कागदावरच आहे, मी अजून त्याच जिन्यात उभी राहते, अजून आवाज चढवते. त्याबद्दल मला पस्तावा नाही. पस्तावा त्या एका ओळीचा आहे. आणि हेवा गेलेला नाही. गेला असं लिहिलं तर तीही दुसरी खोटी ओळ होईल.

तर, ती चार उघडी घरं. पाऊस तोंडावर. गंगारामकाकांनी वाडी जमवली. “सिस्टरचं दिवस आपल्या सगळ्यांवर हायत,” ते म्हणाले. “ती न्यायला येनार नाय. मग ते ह्या चार घरांवर फेडायचं.” कुणी चर्चा केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी हजर.

मीही गेले. महाडहून पहिल्या एसटीनं. आमच्या घरापाशी शिडी लावलेली, खालपासून वरपर्यंत माणसं ओळीनं उभी, कौलं हातोहात वर जायची होती. मला कुठं उभं राहायचं ते कळेना. सावडीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि माझा कधी दिवसच नव्हता.

“काका, मला कुठं धरता?” मी विचारलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग शिडीकडे. मधल्या पायरीवर एक जागा रिकामी होती. तिथं रोज कोण उभं राहायचं ते कुणी सांगायची गरज नव्हती.

“तिथं ऱ्हा,” काका म्हणाले. “आज तिच्या नावावर. तुझा नंतर बघू.”

मी चढले. माझ्या खालच्या पायरीशी आई होती. कौलं यायला लागली. ओढ्यावर धुतलेली, ओली, जड, कडा हाताला कापणारी, काहींवर अजून दरडीची लाल माती. पहिली दहा-वीस मी धांदलीत घेतली, एक तर निसटता निसटता राहिलं. मग हाताला लय सापडली. घ्यायचं, वळायचं, द्यायचं. ढग खाली आले होते, वरून काका घाई करत होते. आईचं लक्ष कौलांवर होतं. वर न बघता, सवयीनं, तिनं पुढचं कौल उचललं आणि म्हणाली,

“धर गो अनिमा.”

ओळीतल्या एक-दोघांचे हात थबकले. आईला कळलंसुद्धा नाही.

मी वाकले, कौल धरलं आणि वर दिलं.